पदवी कोणत्या विद्यापीठाची?

ज्येष्ठ लागला कीं पावसाच्या आधीं आमच्या ओटीवर पालक येतात. शाळेंतून निवृत्त होऊन आम्हांस कांहीं वर्षें लोटलीं. तरी निकालांच्या दिवसांत, मुलानें पुढें काय करावें हें विचारावयास जुन्या मास्तराकडे जाण्याची रीत पेण-रोह्याकडे अजून मोडलेली नाहीं. येणारास सल्लाच हवा असतो असें मात्र कोणी समजूं नये. बहुधा निर्णय घरींच झालेला असतो. मास्तरांनीं 'उत्तम' म्हटलें कीं वडीलधाऱ्या मंडळींचें समाधान होतें, एवढाच त्या भेटीचा हेतु. यंदा आलेल्या दोघां बंधूंची गोष्ट निराळी होती, आणि तीच या महिन्याच्या लेखाचें निमित्त आहे.

घर नागोठण्याच्या बाजूचें. दोघे बंधु, एक चूल, वडिलार्जित भातशेती आणि डोंगराच्या पायथ्याशीं थोडी आंब्याची वाडी. थोरल्यांचा मुलगा रोह्याच्या कॉलेजांतून बी. कॉम. झाला, गुण चांगले. त्यास पुण्याच्या एका खासगी व्यवस्थापन संस्थेंत प्रवेश मिळत होता. संस्थेचें नांव वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिरातींत झळकतें. दोन वर्षांची फी, राहणें, जेवणखाण धरून आंकडा वीस लाखांच्या पलीकडे जात होता. एवढी रक्कम घरांत नाहीं. होती ती ठेव एका बुडालेल्या बँकेंत अडकून पडली. तेव्हां वाडी विकावी असा थोरल्यांचा विचार. महामार्ग रुंद होऊं लागल्यापासून तिकडच्या जमिनीस गिऱ्हाईक दारांत उभेंच असतें. धाकटे बंधु सारा वेळ गप्प होते. उठतां उठतां मात्र ते म्हणाले, "गुरुजी, दादाच्या शब्दाबाहेर मी नाहीं. पण एवढें सांगा, नोकरी देणारा खरोखरच विद्यापीठाचें नांव पाहतो का? कीं तें फक्त मुली सांगून आणणारे पाहतात?"

थोरल्यांस हें रुचलें नाहीं. आम्हांस मात्र प्रश्न नेमका वाटला. आणि उत्तर ठाऊक नसल्यामुळें आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

येथें एक गोष्ट आधींच कबूल केलेली बरी. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. जें कांहीं संस्कृत शिकलों तें शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून. त्यावर कोणत्याहि विद्यापीठाची मोहोर नाहीं. त्यामुळें पदवीविषयीं आमचें मत दोन्हीं बाजूंनीं संशयास्पद ठरतें. निंदा करावी तर कोल्ह्याला द्राक्षें आंबट, आणि स्तुति करावी तर नसल्याचें अप्रूप! तरीहि वर्गांत उभें राहून पस्तीस वर्षें आम्हीं एकच पाठ दिला: विद्या खरी, नांवाचें काय घेऊन बसलांत? गुणी माणसास जग शोधीत येतें. मुलें ऐकून घेत. मास्तरांचें तोंड कोणी धरावें?

या पाठाचें उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनीं मिळालें. आमचा एक अत्यंत हुशार विद्यार्थी, पेणेच्या कॉलेजचा पदवीधर, मुंबईंत एका मोठ्या कंपनीच्या मुलाखतीस गेला. समोर तिघे बसलेले. पहिला प्रश्न कॉलेज कोणतें, दुसरा प्रश्न हें पेण आलें कोठें. तिसरा प्रश्न झालाच नाहीं. तो दिवाळींत भेटावयास आला तेव्हां नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं आम्हांस खोटें शिकवलेंत. जग शोधीत येत नाहीं. जगाला वेळ नसतो." त्याच्या आवाजांत राग नव्हता, तो असता तर बरें झालें असतें. पुढें त्यानें आपल्या हिंमतीवर बरें चालवलें, पण तें वाक्य आमच्या मनांतून गेलेलें नाहीं. धाकट्या बंधूंस आम्हीं तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं याचें खरें कारण हें.

आतां प्रथम त्या मोहोरेचाच विचार करूं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें. त्याच वर्षीं कलकत्ता आणि मद्रास येथेंहि विद्यापीठें निघालीं. व्यापारी शिक्षण मात्र पुष्कळ मागून आलें. मुंबईस सिडनहॅम कॉलेज निघालें तें १९१३ सालीं. आशिया खंडांतील वाणिज्याचें पहिलें कॉलेज म्हणून त्याची गणना होते, आणि डॉ. आंबेडकर १९१८ पासून १९२० पर्यंत तेथें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यानंतर माटुंग्यास पोदार कॉलेज १९४१ सालीं, पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालीं. पेणेचें कॉलेज आणि रोह्याचें कॉलेज हीं दोन्हीं मुंबई विद्यापीठाशीं जोडलेलीं. म्हणजे रोह्याच्या मुलाच्या पदवीपत्रावर १८५७ सालच्या विद्यापीठाची मोहोर असते. आणि खुद्द सिडनहॅम? तें २०१९ सालीं नव्यानें स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठांत गेलें. तेव्हां विद्यापीठाच्या वयावरच नोकऱ्या मिळत असत्या, तर मुंबईच्या मोठ्या पेढ्यांनीं सिडनहॅमकडे पाठ फिरवून रोह्याची वाट धरावयास हवी होती! तसें कांहीं घडल्याचें आमच्या कानांवर आलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट २०१७ ची. त्या वर्षीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईघाईनें आणली. निकाल महिनोन्महिने रखडले. आणि अखेर ऑक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून दूर व्हावें लागलें. एवढी नाचक्की होऊनहि मुंबईच्या नामांकित कॉलेजांच्या दारांतली गर्दी हटली नाहीं. लोक 'विद्यापीठ' हा शब्द वापरतात खरा, पण पाहतात तें कॉलेज किंवा संस्था. थोरल्या बंधूंचा घोटाळा येथूनच सुरू होतो. आणि आमचाहि तसाच झाला होता.

मग आम्हीं चौकशी आरंभली. कोणास पत्र, कोणास टेलिफोन, आणि जवळच्यांस प्रत्यक्ष भेट. पहिली भेट पेणेंतच झाली. गणपतींच्या मूर्ति परदेशीं पाठवणाऱ्या एका कारखानदारास विचारलें, हिशेबनीस ठेवतांना कॉलेज कोणतें पाहतां? रंगाचे हात पुसत तो म्हणाला, "मास्तर, माघापासून भाद्रपदापर्यंत जो रजा मागत नाहीं, तो माझ्या विद्यापीठाचा." याहून चोख उत्तर आम्हांस पुढें कोठें मिळालें नाहीं, पण तेवढ्यावर भागणारें नव्हतें.

दुसरा आमचा जुना विद्यार्थी धाटावच्या एका रासायनिक कारखान्यांत हिशेबखात्याचा प्रमुख आहे. त्याची हकीकत विस्तारानें देण्यासारखी आहे. एका जागेसाठीं त्याच्याकडे साठ-सत्तर अर्ज येतात. तो म्हणाला, "मी विद्यापीठ पाहत नाहीं, पत्ता पाहतों." मुंबईच्या बड्या कॉलेजचा मुलगा धाटावास येतो, पहिला पावसाळा काढतो, आणि दिवाळीच्या आंत राजीनामा देतो, त्यास शिकवण्यांत गेलेलें वर्ष वायां जातें. म्हणून कोलाड, रोहें, नागोठणें, पेण असा पत्ता असला कीं अर्ज वरच्या ढिगांत. नंतर तो उमेदवारासमोर बिलांचा एक गठ्ठा ठेवतो. वस्तु व सेवा कर २०१७ च्या जुलैंत आला तेव्हांपासून हिशेबनिसाचें निम्में काम जुळवाजुळवीचें झालें आहे. आपण माल घेतला, त्यावर कर दिला, तर तो कर आपल्या देण्यांतून वजा मिळतो, पण केव्हां? माल विकणाऱ्यानें आपल्या विवरणपत्रांत तें बिल दाखवलें असेल तेव्हां. त्यानें दाखवलें नाहीं, किंवा आपला नोंदणी क्रमांक एका अक्षरानें चुकवला, तर पैसे अडकले. गठ्ठ्यांत अशीं तीन चुकीचीं बिलें मुद्दाम घातलेलीं असतात. "गुरुजी, सुवर्णपदकवाल्यांस एक सांपडतें, आणि चोंढीच्या एका पोरीला दुकानांत बापाचा हिशेब लिहितां लिहितां सवय झालेली, तिला तिन्ही सांपडलीं. तिला घेतली." ती कोणत्या कॉलेजची, असें आम्हीं विचारलें. त्यास आठवेना.

येथवर आमच्या जुन्या पाठास पुष्टि मिळत होती, आणि मन सुखावत होतें. पण तिसऱ्यानें तें सुख टिकूं दिलें नाहीं. हा मुंबईस एका मोठ्या उद्योगसमूहांत माणसें निवडण्याच्या खात्यांत आहे. तो म्हणाला, "बाहेर आम्ही असें सांगतों कीं नांव पाहत नाहीं, गुण पाहतों. मुलाखतींत तें खरेंहि असतें. पण मुलाखती घेण्यास आमचीं माणसें दर वर्षीं ज्या दहाबारा संस्थांच्या दारीं जातात, त्यांत पेण नाहीं आणि रोहेंहि नाहीं. मग पाहत नाहीं म्हणजे काय?"

आम्ही बराच वेळ टेलिफोन हातांत धरून बसलों. नांव हें निवड करतांना वापरीत नाहींत. निवड कोठें करावयाची हें ठरवतांना वापरतात. ज्याच्या गांवांत लग्नाचे वऱ्हाडी येतच नाहींत, त्याच्या मुलीच्या गुणांची परीक्षा व्हावयाची कशी?

न्यायशास्त्र शिकलेल्यास हें प्रकरण फारसें परकें वाटूं नये. एखादी गोष्ट कळण्याचे मार्ग आपल्याकडे सांगितले आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द इत्यादि. गणपतींचा कारखानदार प्रत्यक्षावर चालतो. माणूस रोज डोळ्यांसमोर. धाटावचा आमचा विद्यार्थी गठ्ठा पुढें टाकून प्रत्यक्षच घडवून आणतो. ओळखीच्या माणसाचा शब्द हें तिसरें प्रमाण, आणि आपल्या कोंकणांत अजून निम्म्या नोकऱ्या त्याच्यावर लागत असाव्यात. परंतु ज्याच्याकडे अर्ज हजारांनीं येतात आणि वेळ दोन दिवसांचा असतो, त्यास प्रत्यक्ष परवडत नाहीं. तो अनुमान करतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे. संस्थेचें नांव हा धूर. मायकेल स्पेन्स नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९७३ सालीं नेमका हाच विचार नोकऱ्यांच्या बाजारास लावून दाखवला: शिक्षणानें कामाचें कसब वाढो वा न वाढो, जी पदवी मिळवणें हुशारास सोपें आणि मठ्ठास अवघड, ती पदवी मालकास खूण म्हणून उपयोगी पडते. २००१ सालीं त्यास या विषयांतील कामासाठीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. आमचे शास्त्रीबोवा असते तर म्हणाले असते, यांत नवें तें काय? पण पारितोषिक त्यास मिळालें, शास्त्रीबोवांस नाहीं. असो.

यांतून एक गोष्ट मात्र निघते, आणि ती थोरल्या बंधूंच्या कामाची आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान केव्हां खरें? धूर आणि अग्नि यांची सोबत कधीं न तुटणारी असेल तेव्हां. नांवांत जोर येतो तो त्या दारांतून आंत शिरणें अवघड असतें म्हणून. अहमदाबाद व कलकत्ता येथें १९६१ सालीं ज्या भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या, त्यांची प्रवेशपरीक्षा अलीकडे दर वर्षीं सुमारें तीन लाख उमेदवार देतात. आंत जाणारे थोडे. आणि वाचकांस आश्चर्य वाटेल, पण या संस्था पदवी देतच नव्हत्या! त्यांस पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्यानें मिळाला व तो कायदा २०१८ च्या जानेवारीअखेर अंमलांत आला. तोंवर पन्नासांवर वर्षें त्या केवळ पदविका देत होत्या. आणि देशांतल्या बड्या कंपन्या विद्यापीठांच्या रीतसर पदव्या बाजूस सारून त्या पदविकावाल्यांपुढें पगाराचे आंकडे मांडीत होत्या. मालकास कागदावर काय लिहिलें आहे याचें सुतक नव्हतें. प्रवेशाच्या वेळींच चाळणी लागली आहे, तीहि दुसऱ्याच्या खर्चानें, एवढें त्यास पुरेसें होतें.

मुंबईस चर्चगेटजवळ जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ सालीं स्टॅनफर्डच्या साहाय्यानें निघाली. ती मुंबई विद्यापीठाचीच. खासगी संस्थांच्या मानानें तेथील फी पुष्कळ कमी, आणि प्रवेश परीक्षेंतल्या गुणांवर. तिच्या नांवास मान आहे याचें कारण तेंच. उलट, ज्या संस्थेचें दार मुख्यतः पैशानें उघडतें, तिचा धूर केवढाहि मोठा असो, तो ओल्या लाकडांचा. सामान्य पालकास हा भेद दिसत नाहीं. माणसें निवडणाऱ्यास पक्का ठाऊक असतो. मुंबईच्या आमच्या विद्यार्थ्यास त्या पुण्याच्या संस्थेविषयीं आम्हीं विचारलें तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "जाहिरात चांगली असते."

पालक म्हणतात, मग सरकारी क्रमवारी पाहावी. २०१६ पासून केंद्र सरकार दर वर्षीं संस्थांची क्रमवारी लावतें, आणि तें चांगलें झालें. पण तिच्यांतहि शंभरांतले दहा गुण लोकांत त्या संस्थेविषयीं मत काय आहे यासाठीं ठेवलेले आहेत. नांव म्हणून क्रमांक आणि क्रमांक म्हणून नांव, असें थोडें होणारच.

येथें लेख संपवून 'वाडी विकूं नका' असें लिहून द्यावें असा आमचा बेत होता. तेवढ्यांत आमच्या परदेशस्थ भाच्यानें एका अमेरिकन अभ्यासाची माहिती कळविली. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनीं तो २००२ सालीं प्रसिद्ध केला. नामांकित कॉलेजांतून निघालेल्यांस पगार अधिक मिळतो हें तर सर्वांस ठाऊक. पण तो कॉलेजमुळें मिळतो, कीं मुळांतच हुशार मुलें तेथें जातात म्हणून? त्यांनीं युक्ति काढली ती अशी, कीं सारख्याच कॉलेजांत अर्ज करून सारखेच स्वीकार-नकार पदरीं पडलेल्या मुलांची तुलना केली. कांहीं मोठ्या नांवाकडे गेलीं, कांहीं लहान नांवाकडे. पुढें पगारांत म्हणण्यासारखा फरक दिसेना. आम्ही वाचून उल्हसित झालों. पण पुढेंच एक अपवाद होता: गरीब घरच्या मुलांस मोठ्या नांवाचा खरोखर फायदा झालेला दिसला, आणि त्यांच्याच पुढल्या संशोधनांत, कृष्णवर्णीय मुलांस, आणि आईबाप फारसे न शिकलेल्या मुलांसहि.

थोडा विचार करतां याचें कारण कळण्यासारखें आहे. ज्याचा मामा मुंबईस मोठ्या हुद्द्यावर, त्यास कॉलेजचें नांव कशाला हवें? मामाचा शब्द हेंच त्याचें प्रमाण. नागोठण्याच्या मुलास मामा आहे, पण तो पाली येथें किराणा दुकान चालवतो. त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी असेल तर तें संस्थेचें नांवच. म्हणजे ज्यास नांवाची खरी गरज, त्यासच तें विकत घेण्याची ऐपत नाहीं. आणि ऐपत नाहीं म्हणून जो वाडी विकावयास निघाला, त्यास आम्ही शहाणपण शिकवणार कीं नांवांत काय आहे? थोरल्या बंधूंचा हट्ट आम्ही समजत होतों तितका पोकळ नव्हता, हें आम्हांस मान्य करावें लागलें.

रोह्याच्या वाणिज्य महाविद्यालयास ज्यांचें नांव आहे त्या चिंतामणराव देशमुखांची आठवण येथें साहजिकच होते. घराणें रोह्याचें, जन्म १८९६ सालीं महाडनजीकच्या नाते गांवीं. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले, आणि संस्कृतासाठीं असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांस मिळाली. आमच्या दृष्टीनें हाच त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम! पुढें केंब्रिजला ते शिकले वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंत पहिले. १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि १९५० सालापासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री. वाणिज्याची पदवी त्यांनीं कधीं घेतली नाहीं. थोरले बंधु हें ऐकून लगेच म्हणाले, "पण केंब्रिज होतें ना, गुरुजी!" होतें खरें. तरी त्यांस नोकरीचें दार उघडून दिलें तें केंब्रिजच्या नांवानें नव्हे, तर एका परीक्षेनें. आणि ती परीक्षा पहिल्या क्रमांकानें पार पाडणाराचें कॉलेज नंतर कोणी विचारीत नाहीं.

हीच वाट आजहि उघडी आहे, आणि तिची जाहिरात पानभर येत नाहीं म्हणून आपल्या घरांतून तिच्याविषयीं बोलणें कमी. सरकारी बँकांच्या नोकऱ्यांसाठीं २०११ पासून सामायिक परीक्षा होते. तिला कोणत्याहि मान्य विद्यापीठाची पदवी चालते, आणि उत्तरपत्रिकेवर गांवाचें नांव नसतें. सनदी लेखापालांचें, म्हणजे सी. ए. चें, तर याहून पुढें आहे. १९४९ च्या कायद्यानें स्थापन झालेली त्यांची संस्था साऱ्या देशासाठीं एकच प्रश्नपत्रिका काढते. जुहूचा मुलगा आणि जांभूळपाड्याची मुलगी एकाच दिवशीं तीच सोडवतात. त्यासोबत एखाद्या सी. ए. च्या हाताखालीं उमेदवारी करावी लागते. पूर्वीं ती तीन वर्षें असे, २०२३ च्या नव्या योजनेनें दोन वर्षें झाली. परीक्षा कठीण; पुष्कळ जण मध्येंच गळतात. पण जो पार पडला त्यास 'पेण आलें कोठें' असें विचारण्याची प्राज्ञा कोणाची नाहीं.

हें लिहीत असतां आमच्या मंडळींनीं एक बातमी आणली. बायकांच्या भिशींत कळलेली. पण अशा बातम्या बहुधा खऱ्या असतात. धाकट्या बंधूंची मुलगी, तीहि बी. कॉम., सी. ए. ची पहिली पायरी केव्हांच उतरली आहे. दुसऱ्या पायरीचा अर्धा भागहि. उमेदवारीसाठीं पनवेलीस जागा मिळते आहे. शिकवणीच्या वर्गाची फी हवी, ती लाखाच्या आंतबाहेर. घरांत विषय निघाला तेव्हां तिला उत्तर मिळालें कीं घरीं बसून अभ्यास कर, पुस्तकें आहेत. याच घरांत, याच महिन्यांत, वीस लाखांची गोष्ट चालली होती.

दोघे बंधु ठरल्या दिवशीं आले. आम्हीं वर लिहिलेलें सारें सांगितलें. पुण्याच्या त्या संस्थेसाठीं वाडी विकूं नये, असें स्पष्ट सांगितलें; नांवास किंमत नाहीं म्हणून नव्हे, तर त्या नांवास तेवढी नाहीं म्हणून. मुलानें वर्षभर धाटावास काम करावें, पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि जमनालाल बजाज किंवा तसें दुसरें कमी फीचें दार उघडलें तर कर्ज काढूनहि जावें. त्या संस्थेचा आग्रहच असेल तर गेल्या वर्षीं पास झालेल्या पांच मुलांस स्वतः टेलिफोन करावा आणि संस्थेनें जाहिरातींत दिलेला सर्वांत मोठा पगार न विचारतां मधल्या मुलाचा पगार विचारावा. शेवटीं, न राहवून, मुलीचा विषय काढला.

थोरले म्हणाले, "ती उद्यां परक्या घरीं जायची, गुरुजी." आम्हीं म्हटलें, तुमचा मुलगा वीस लाख घेऊन बंगळूरास गेला तर तोहि परक्याच घरीं जाणार, फरक एवढाच कीं तो पत्र पाठवणार नाहीं. हें बोलणें आमच्या वयास शोभलें नसेल. थोरल्यांनीं पाणी घेतलें आणि ते उठले. धाकट्यांनीं जातांना मान वर केली नाहीं.

चार दिवसांनीं मुलगा एकटा आला. या सर्व खटल्यांत त्याचें मत कोणी घेतलें नव्हतें, आणि त्या 'कोणी'मध्यें आम्हीहि होतों. तो म्हणाला, "धाटावास काम करा म्हणतां, तें बरोबर असेल. पण मला नोकरीसाठीं पुण्याला जायचें नाहीं, गुरुजी. मला इथून बाहेर पडायचें आहे." नोकरी देणारा नांव पाहतो कीं नाहीं याचा शोध आम्ही पंधरा दिवस करीत होतों, आणि मुलगा त्या नांवाकडे गाडीचें तिकीट म्हणून पाहत होता. त्यास काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं. चहा घेऊन तो गेला.

हा मजकूर छापून वाचकांच्या हातीं पडेल तोंवर पुण्याच्या फीची मुदत टळून गेलेली असेल. वाडीचें काय झालें तें अद्याप कळलेलें नाहीं. मुलीच्या वर्गाची फी मात्र गेल्या सोमवारीं भरली गेली. तिच्या आईनें पाटल्या गहाण ठेवल्या असें ऐकतों. मुलगी पावती दाखवावयास स्वतः ओटीवर येऊन गेली. पहांटेची पनवेलीची गाडी तिला रोज गांठावी लागणार आहे, आणि पावसांत नागोठण्याच्या स्टेशनापर्यंत रिक्षा मिळत नाहीं अशी तिची तक्रार होती.